सोळा डॉलरची वेठ

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात दक्षिणेतल्या बंडखोर सरकारचे काही हजेरीपट जपून ठेवलेले आहेत. संख्येने जवळपास ६,०००. एकेका पटावर रकाने आखलेले: मालकाचं नाव, गुलामाचं नाव, काम काय केलं, दिवस किती भरले, दर काय, एकूण रक्कम किती. शेवटचा रकाना पैसे मिळाल्याच्या सहीचा. गुलामाच्या रकान्यात बहुधा नुसतंच एक नाव, आडनाव नाही. दिवस त्याचे, घाम त्याचा. सही मालकाची, नाहीतर मालकाच्या मुखत्याराची.

गृहयुद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) दक्षिणेत रेल्वे आणि तटबंद्या बांधण्यासाठी गुलामांना सक्तीने आणण्यावरून जो वाद पेटला, तो या सहीच्या रकान्यातून नीट दिसतो. आपल्याकडे ‘वेठीला धरणं’ म्हणतात, तेव्हा धरला जाणारा माणूस मुळात मोकळा असतो. इथे माणूस आधीच कोणाच्या तरी मालकीचा. मग सरकारने त्याला रुळांच्या कामावर नेलं तर वेठ नक्की कोणावर आली? दक्षिणेतल्या जमीनदारांचं उत्तर ठाम होतं: आमच्यावर. चार वर्षं ते हेच ओरडत राहिले. वादाचे पक्ष तीन होते, मालक, राज्य सरकार आणि रिचमंडचं केंद्र सरकार. ज्याच्या पाठीवर स्लीपर होता त्याला पक्षकार कोणी मानलंच नाही, आणि तरी निकालाला सर्वात मोठा हातभार लागला तो त्याचाच.

आधी रुळांचं गणित. युद्धाच्या तोंडावर अमेरिकेत सुमारे ३०,००० मैल लोहमार्ग होता. त्यातला दक्षिणेच्या वाट्याला आलेला जेमतेम ९,००० मैल, तोही तुकड्यातुकड्यांचा. कापूस मळ्यातून बंदरापर्यंत पोचला की काम भागलं, या हिशेबाने बांधलेला. एका कंपनीचा गेज पाच फूट, दुसरीचा चार फूट साडेआठ इंच. एकाच गावात दोन कंपन्यांची दोन स्थानकं, मध्ये बैलगाडीने मालाची ने-आण. शांततेच्या काळात हे खपून गेलं. सैन्य आणि दाणागोटा हलवायची वेळ आली तेव्हा नकाशातली भोकं दिसायला लागली.

सर्वात मोठं भोक व्हर्जिनियातलं डॅनव्हिल आणि उत्तर कॅरोलिनातलं ग्रीन्सबरो यांच्यामधलं, अंतर सुमारे ४८ मैल. राजधानी रिचमंडहून डॅनव्हिलपर्यंत गाडी १८५६ पासून जात होती. ग्रीन्सबरोहून पुढे खोल दक्षिणेपर्यंत रूळ होते. मधला दुवा तेवढा नव्हता, आणि तो राहिला होता भूगोलामुळे नव्हे. हा जोड झाला तर आपला माल आपल्या बंदरांकडे न जाता व्हर्जिनियात जाईल, हे उत्तर कॅरोलिनाचं जुनं दुखणं. त्यांनी वर्षानुवर्षं परवानगीच दिली नव्हती.

दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याने नोव्हेंबर १८६१ मध्ये आपल्या काँग्रेसपुढे हा दुवा जोडण्याची शिफारस केली. पुढच्या फेब्रुवारीत १० लाख डॉलरचे रोखे मंजूर झाले. त्यावरही निषेध नोंदवला गेला. कारण दक्षिणेच्या नव्याकोऱ्या घटनेत केंद्राने व्यापाराच्या सोयीसाठी रस्ते-कालव्यांवर पैसा खर्चू नये, असं स्पष्ट कलम होतं. डेव्हिसने पळवाट काढली: ही व्यापाराची सोय नाही, लष्करी गरज आहे. त्याच घटनेतलं आणखी एक कलम इथे लक्षात ठेवायला हवं. गुलामांवरच्या मालकीहक्काला धक्का लावणारा कोणताही कायदा करता येणार नाही, असं ते सांगत होतं. एका कलमातून वाट काढली. दुसरं मात्र युद्ध संपेपर्यंत आडवं येत राहिलं.

पैसा मिळाला, अखेर उत्तर कॅरोलिनाची सनदही मिळाली. काम करणार कोण? दक्षिणेत रेल्वे म्हटलं की गुलाम, हे युद्धाआधीपासूनचं समीकरण. नववर्षाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर भाड्याचा बाजार भरायचा. १ जानेवारी ते नाताळ असा करार. कपडे, बूट, घोंगडी, दवापाणी घेणाऱ्याकडे. आणि मालक आपली ‘मालमत्ता’ जपायचे, म्हणजे करारात अटी घालायचे. व्हर्जिनियातल्या ब्लू रिज बोगद्यावर, जो १८५८ मध्ये पुरा झाला, सुरुंगाच्या कामावर आमचे गुलाम लावू नका, अशी अट मालकांनी घातली होती. ते काम आयरिश मजुरांकडे गेलं. आयरिश माणूस मेला तर कोणाच्याच वहीत तोटा पडत नव्हता. या व्यवस्थेचं मर्म याहून कमी शब्दांत सांगता येणार नाही.

युद्ध सुरू झालं आणि हा भाडेबाजारच कोलमडला. रोख्यांची किंमत रोज घसरत होती. मळ्यावर धान्य पिकवून जो फायदा होता तो रेल्वेच्या ठेकेदाराला माणूस देण्यात नव्हता. शिवाय रेल्वेच्या छावणीवरून माणूस आजारी होऊन, उपाशी होऊन परत येतो अशी ख्याती झालेली. एक तक्रार मालक दबक्या आवाजात करत: तिथे दहा ठिकाणची माणसं एकत्र येतात, नको ते ऐकतात, आणि परत आल्यावर पूर्वीसारखी राहत नाहीत. ठेकेदार हिंडून थकले. डॅनव्हिल-ग्रीन्सबरोच्या त्या ४८ मैलांवर लाल माती उपसायला पुरेसे हातच मिळेनात.

मग सक्ती आली. ३ ऑक्टोबर १८६२ रोजी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदा केला. गव्हर्नरने एका वेळी जास्तीत जास्त १०,००० गुलाम मागवावेत, वय १८ ते ४५, मुदत ६० दिवस. मोबदला केंद्राने मालकाला द्यावा, महिन्याला १६ डॉलर. माणूस पळाला किंवा शत्रूच्या हाती लागला तर त्याची किंमतही केंद्रानेच भरावी. आता शेजारचा आकडा पाहा. दक्षिणेच्या पायदळातल्या साध्या शिपायाचा त्या वेळचा पगार होता महिन्याला ११ डॉलर. खंदकात गोळी झेलणाऱ्याला ११, आणि घरबसल्या आपला गुलाम धाडणाऱ्याला १६. तरीही ओरडा सोळावाल्याचाच मोठा.

या कायद्यानंतर आठच दिवसांनी केंद्राने सैनिकभरतीच्या कायद्यात सवलत घातली: वीस गुलामांच्या मळ्यामागे एका गोऱ्या पुरुषाला भरतीतून सूट. ज्याच्याकडे एकही गुलाम नाही अशा शेतकऱ्याने त्या आठवड्याचा हिशेब कसा मांडला असेल, ते वेगळं सांगायला नको.

मार्च १८६३ मध्ये केंद्राने सक्तीने वस्तू ताब्यात घेण्याचा सर्वसाधारण कायदा केला. मका, खेचरं, गवत यांच्या रांगेत गुलामही आले. पण किती जपून! जिथे राज्याचा कायदा असेल तिथे त्यानुसार चालावं. फक्त धान्य पिकवणाऱ्या शेतावरचा माणूस, फारच निकड असल्याशिवाय, मालकाच्या संमतीवाचून नेऊ नये. शिपायांच्या बाबतीत एवढी नजाकत कुठेच नव्हती. १८६२ च्या एप्रिलपासून गोऱ्या तरुणांना सक्तीची भरती होती आणि त्यांच्या आईबापांची संमती कोणी मागत नव्हतं.

जॉर्जियाचा प्रतिनिधी वॉरन एकिन याने १८६४ च्या ऑक्टोबरात एका पत्रात नेमकं हेच लिहिलं. लोक मुलगे, नवरे, भाऊ कुरकुर न करता सैन्यात देतात, पण एक गुलाम मागितला की केवढा आक्रोश होतो, अशा अर्थाचं त्याचं वाक्य आहे. तो काही गुलामगिरीविरोधी नव्हता, घरचाच माणूस होता. म्हणूनच या वादावर कोणी काहीही लिहो, एकिनचं ते पत्र पुढे येतंच.

दक्षिण कॅरोलिनात चार्ल्सटनच्या बचावासाठी सेनापती बोरगार्ड हजारो हात मागे आणि शेकड्यांवर भागवी. तिथल्या मळेवाल्यांचं म्हणणं सोपं: समुद्रकाठच्यांनी एकदा दिले, आता आतल्या जिल्ह्यांनी द्यावेत. आतले म्हणत, किनारा आमचा नाही. उत्तर कॅरोलिनाचा गव्हर्नर झेब्युलन व्हान्स राज्याच्या हक्कांबाबत अत्यंत जागरूक. रिचमंडहून आलेली प्रत्येक मागणी तो उलटसुलट करून पाहायचा. ज्या रेल्वेमुळे आपल्या राज्याचा व्यापार पळणार अशी भीती, तिच्यासाठी आपल्याच लोकांचे गुलाम ओढून द्यायचे, हे त्याला कितपत गोड लागणार?

अलाबामात सेल्माहून मिसिसिपीतल्या मेरिडियनकडे जाणाऱ्या मार्गाला केंद्राने १८६२ च्या फेब्रुवारीत दीड लाख डॉलरचं कर्ज दिलं होतं. तो वर्षअखेर कसाबसा जुळला, पण टॉम्बिग्बी नदीवर पूल झालाच नाही. डेमोपोलिसला गाडीतून उतरायचं, होडीने पलीकडे जायचं, तिथे दुसरी गाडी. सेल्माकडून ब्लू माउंटनमार्गे जॉर्जियातल्या रोमपर्यंत जाणाऱ्या तिसऱ्या मार्गासाठी ११ लाखांहून अधिक डॉलर मंजूर झाले. तो संपलाच नाही.

डॅनव्हिलचा दुवा पुरा झाला, पण १८६४ च्या मेमध्ये. शांततेत वर्षभरात झाला असता तो तुकडा दोन वर्षांहून अधिक खाऊन गेला. नवे रूळ दक्षिणेत तयारच होत नव्हते. रिचमंडचा ट्रेडेगर कारखाना तोफा आणि चिलखती पत्रे यांतच गुंतलेला. म्हणून १८६३ च्या जानेवारीत एक समिती नेमली गेली, कुठले कमी महत्त्वाचे मार्ग उखडून त्यांचे रूळ इकडे आणायचे ते ठरवायला. उखडणारे गुलामच आणि अंथरणारेही तेच. इतकं करून नव्या मार्गाचा गेज पाच फूट राहिला आणि ग्रीन्सबरोच्या पुढचा चार फूट साडेआठ इंच. प्रत्येक पोतं एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायचं. ते कोण चढवत असेल, हेही आता ओघाने आलंच.

इथवरची गोष्ट वाचून उत्तरेचं सैन्य म्हणजे सरळ मुक्तिसेना असं वाटत असेल तर टेनेसीत डोकवावं. नॅशव्हिल १८६२ च्या फेब्रुवारीत उत्तरेच्या ताब्यात आलं. त्या वर्षी फोर्ट नेगली बांधायला सैन्याने २,७०० हून अधिक काळ्या माणसांना जुंपलं. रविवारी चर्चला वेढा घालून प्रार्थनेला आलेल्यांना उचलल्याच्या हकिकती आहेत. बहुतेकांना ठरलेली मजुरी नीट मिळाली नाही. पुढच्या वर्षी नॅशव्हिलहून पश्चिमेला टेनेसी नदीपर्यंत ७८ मैलांचा लोहमार्ग पुरा करायचा होता, आणि लष्करी गव्हर्नर अँड्र्यू जॉन्सनला त्यासाठी हात हवे होते. तेव्हाच मेजर जॉर्ज स्टर्न्स काळे सैनिक भरती करायला नॅशव्हिलला आला. तो मॅसॅच्युसेट्सचा कडवा गुलामगिरीविरोधक, सक्तीची धरपकड त्याला मान्य नव्हती. जॉन्सनचं म्हणणं, आधी मजूर, मग शिपाई. शेवटी तोड निघाली ती अशी की १२ व्या आणि १३ व्या काळ्या पलटणी उभ्या राहिल्या आणि त्यांनाच या मार्गाच्या राखणीला आणि कामाला ठेवलं.

टेनेसी लिंकनच्या १ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या जाहीरनाम्यातून वगळलेलं होतं, म्हणून कायद्याने तिथला गुलाम गुलामच. तो उत्तरेच्या सैन्यात भरती झाला तर एकनिष्ठ मालकाला ३०० डॉलरपर्यंत भरपाई मिळण्याची तरतूद होती. म्हणजे सहीचा रकाना इथेही मालकाचाच. फरक एवढा, आणि तो लहान नव्हे, की हा माणूस बंदूक घेऊन उभा राहिला की परत मळ्यावर जाणार नव्हता. हा मार्गही १८६४ च्या मेमध्येच सुरू झाला. त्याच वर्षी डिसेंबरात नॅशव्हिलच्या लढाईत १३ व्या पलटणीने पीच ऑर्चर्ड टेकडीवर चढाई केली आणि एका दुपारी मृत आणि जखमी मिळून सुमारे २२० माणसं गमावली.

आता वादातल्या त्या न मानलेल्या चौथ्या पक्षाकडे, खुद्द गुलामाकडे. युद्धाला महिना-दीड महिना झाला होता. २३ मे १८६१ च्या रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे होडी वल्हवत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या फोर्ट मन्रोला पोचले. मालकाने त्यांना दक्षिणेच्या तोफखान्याचा बुरूज बांधायला लावलं होतं, आणि पुढे कॅरोलिनात पाठवणार अशी कुणकुण होती. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पांढरं निशाण घेऊन त्यांना परत मागायला आला. किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर पेशाने वकील. तो म्हणाला, तुम्ही यांना मालमत्ता म्हणता आणि ही मालमत्ता आमच्याविरुद्ध तटबंदी बांधायला वापरता, तर युद्धनियमानुसार ती आम्हाला जप्त करता येते. मालकाचाच शब्द त्याच्याच गळ्यात घातला. ऑगस्ट १८६१ मध्ये वॉशिंग्टनच्या काँग्रेसने कायदा केला: बंडखोरांच्या लष्करी कामावर लावलेला गुलाम मालकाच्या हक्कातून सुटला.

या दृष्टीने वाचलं की दक्षिणेतल्या मालकांचा ओरडा नुसता कंजूषपणाचा राहत नाही. सरकारने माणूस रेल्वेवर नेला की तो शत्रूच्या कायद्याने मोकळा होण्याच्या वाटेवर लागत होता, आणि रेल्वेची छावणी मळ्यापेक्षा त्या वाटेच्या जवळ होती. व्हर्जिनियाच्या कायद्यातली पळालेल्या माणसाच्या भरपाईची तरतूद उगाच आलेली नव्हती.

इतिहासकार यावर एकमत नाहीत, आणि वाद वाचण्यासारखा आहे. ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये गुलामांच्या या पळण्याला ‘सार्वत्रिक संप’ म्हटलं, तेव्हा विद्यापीठांतून भुवया उंचावल्या. आज ते मत बरंच मुख्य प्रवाहात आहे. स्टेफनी मॅककरी यांनी २०१० मध्ये मांडलं की ज्यांना राजकारणात मोजायचंच नाही अशा पायावर हे राज्य उभं केलं होतं, आणि त्यांच्याशीच सौदा करण्याची पाळी त्याच्यावर आली. उलट जेम अमांडा मार्टिनेझ २०१३ च्या पुस्तकात व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलिनाचे कागद चाळून म्हणतात, ओरडा मोठा असला तरी सक्ती पुष्कळशी यशस्वी झाली. राज्यांनी कुरकुरत का होईना, माणसं दिली. मला दोन्ही खरं वाटतं. तटबंदीसाठी, घराजवळ, ६० दिवस, हे जमलं. परराज्यातल्या रेल्वेसाठी, वर्ष-वर्ष, हे जमलं नाही. रुळांच्या कामाला सातत्य लागतं आणि सक्तीला नेमकं तेच देता येत नाही.

अलीकडे काही लोक हे हजेरीपट दाखवून ‘हजारो काळे दक्षिणेसाठी स्वखुशीने लढले’ असं सांगतात. त्यांना एवढंच सांगावं की सहीचा रकाना पाहा. पुण्यात जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, तेव्हा ते ज्या अमेरिकेला मुजरा करत होते ती नक्कीच ही हजेरीपटांची अमेरिका नव्हे.

फेब्रुवारी १८६४ मध्ये केंद्राने २०,००० गुलाम कामाला घेण्याचा अधिकार युद्धमंत्र्याला दिला. त्यातही एका मालकाच्या पाचातला एकच घ्यायचा, आणि एकुलता एक असेल तर संमतीशिवाय नाही. नोव्हेंबरात डेव्हिस ४०,००० वर गेला. त्याचा प्रस्ताव असा: सरकारने गुलाम विकत घ्यावेत, आणि इमानाने सेवा केली तर शेवटी त्यांना मुक्त करावं. जॉर्जियाचा पुढारी हॉवेल कॉब याने जानेवारी १८६५ मध्ये युद्धमंत्र्याला बजावलं की गुलाम चांगले शिपाई ठरले तर गुलामगिरीचा आपला सगळा सिद्धांतच खोटा ठरेल. तर्क बिनचूक होता. १३ मार्चला काळ्यांच्या भरतीचा कायदा झाला, त्यात मुक्तीचं वचन नव्हतं. तोवर लढाई संपत आली होती.

राहिला तो ४८ मैलांचा दुवा. नॉक्सव्हिलमार्गे जाणारा पश्चिमेचा मार्ग १८६३ च्या सप्टेंबरात हातचा गेला, वेल्डनमार्गे दक्षिणेला जाणारा मार्ग १८६४ च्या ऑगस्टमध्ये तुटला, आणि मग दक्षिणेचा सेनापती ली याच्या उपाशी सैन्याला दक्षिणेतून दाणा येण्याची मुख्य वाट तीच उरली. २ एप्रिल १८६५ च्या रात्री रिचमंड सोडताना डेव्हिस आणि त्याचं मंत्रिमंडळ डॅनव्हिलच्या गाडीत बसलं. त्याच स्थानकावर रॉबर्ट लंपकिन हा गुलामांचा व्यापारी साखळीत बांधलेली पन्नासेक माणसं, बाया, पोरं घेऊन आला. त्याला ती दक्षिणेला न्यायची होती. गाडीत जागा नव्हती. पहाऱ्यावरच्या शिपायाने संगीन आडवी धरली, असं बॉस्टनचा वार्ताहर चार्ल्स कॉफिन याने लिहून ठेवलंय. डेव्हिस आठवड्याभराने डॅनव्हिलहून ग्रीन्सबरोला गेला तो त्या नव्या मार्गानेच. लंपकिनची माणसं रिचमंडमध्येच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी शहरात शिरलेल्या उत्तरेच्या फौजेत काळ्या पलटणीही होत्या.